आतलं कडवं

एउलालियाबाई दमल्या होत्या. लेकीच्या घरून दोन बस बदलून पिल्सेनला, जुन्या वस्तीत यायचं, तेही डिसेंबरच्या शिकागोत! लेक म्हणालीच होती, "आई, घर गेलं. आता तिथे काय ठेवलंय?" खरंच, काय ठेवलं होतं? मालकाने बिऱ्हाड हलवायला लावलं, घर विकलं, विषय संपला.

पण पोसादा चुकवायची कशी? नाताळाआधी मारिया-जोसेफचे पुतळे घेऊन दारोदार जागा मागत फिरायचं. बाहेरच्यांनी गाऊन मागायचं, आतल्यांनी गाऊनच हाकलायचं, आणि शेवटच्या घराने दार उघडायचं. ते शेवटचं घर एउलालियाबाईंचं. बोहेमियाचे चेक लोक गल्ली सोडून गेले आणि आपली मेक्सिकन माणसं आली, तेव्हापासून. त्यामुळे त्या आजवर आतूनच गायल्या.

यंदा घर घेणाऱ्या केटलिनने आपणहून विचारलं होतं, दार आम्ही उघडलं तर चालेल का?

"पोरगी वाईट नाही गं," शेजारीण चायो म्हणाली.

"वाईट असती तर बरं झालं असतं. शिव्या तरी घालता आल्या असत्या."

पहिल्या दोन दारांशी त्यांनी नुसते ओठ हलवले. आपल्याच दाराशी जागा मागायची म्हणे! जळलं मेलं ते गाणं!

मग ते दार आलं. बाहेरच्यांनी मागितलं. आत केटलिन कागदात बघून चाचरली, सूर काही सापडेना. आणि एउलालियाबाईंच्या तोंडून, सवयीने, खणखणीत आवाजात निघून गेलं: इथे जागा नाही, पुढे व्हा! आतलं कडवं, रस्त्यावर उभं राहून.

गल्लीभर हशा पिकला. "अगं ए म्हातारे, तू बाहेर आहेस!" चायो ओरडली.

एउलालियाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. बाहेर. हो की.

दार उघडलं. केटलिन घाबरून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आजी, चुकलं का माझं? थंडी आहे, आत या ना."

आतून मक्याच्या गरम पेजेचा वास आला. पाय तर असे दुखत होते, की तिथेच बसावं.

"दार लाव पोरी," त्या म्हणाल्या. "आधी हाकलायचं, मग घ्यायचं. आणि माझं अजून मागायचं राहिलंय."

दार लागलं. एउलालियाबाईंनी चायोच्या हातातून मारियाचा पुतळा घेतला, घसा खाकरला, आणि त्या दाराशी पहिल्यांदाच जागा मागितली.