अकरा हिवाळ्यांचा बेत

मी एक लाकडी डबी बोलते आहे. बोलणं हाच माझा धंदा, फक्त माझी भाषा टर्की पक्ष्याच्या मादीची. कडेला खडू फासून वरचं झाकण हलकेच घासलं की 'क्याऊक, क्याऊक' असा आवाज निघतो आणि वसंतात रानातल्या नराला वाटतं, कुणीतरी आपल्याला बोलावतंय. बिचारा पिसारा फुलवून येतो. पुढचं काम शिकाऱ्याचं.

माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकीत, डेल्बर्ट हेन्सलीच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. डेल्बर्ट शाळेत सुतारकाम शिकवायचा. कुंपणाच्या एका जुन्या सीडरच्या खांबातून त्याने माझं अंग कोरलं आणि झाकण अक्रोडाच्या लाकडाचं केलं. पहिली दोन झाकणं फुकट गेली. तिसरं बसवून त्याने मला स्वयंपाकघरात नेलं आणि बायकोला वाजवून दाखवलं. लोरीन मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. मागे न वळता ती म्हणाली, "तुझ्या आईच्या घरचं मागचं दार असंच करकरायचं."

दुसऱ्या दिवशी त्याने माझी एक कड केसभर तासली. लोरीनने पुन्हा ऐकलं. "आता बरं. आता बाईमाणूस वाटते."

घरच्या टेकड्यांवर मी पुष्कळ नर बोलावले. डेल्बर्ट ते बंदुकीने टिपायचा. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. त्याला नेब्रास्काला जायचं होतं, तिथल्या पांढऱ्या कडेच्या शेपटीच्या टर्कीमागे, आणि तेही धनुष्य घेऊन. बंदुकीला चाळीस पावलं चालतात. धनुष्याला पक्षी वीस पावलांत यावा लागतो, आणि दोरी ओढताना हललेलं कोपर त्याला दिसलं की खेळ खलास. टर्कीला वास कळत नाही म्हणतात, पण डोळा असा की शिकाऱ्याची पापणी मोजावी.

या बेतात डेल्बर्टचा जोडीदार होता लोरीनचा थोरला भाऊ रॉइस. दर हिवाळ्यात तो येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा. कुठला रस्ता, कुठला ओढा, तंबू कुठला, बाणांची पाती कुठली. घेवड्याची उसळ संपायची, कॉफीची किटली रिकामी व्हायची, नकाशाला डाग पडायचे. आणि मार्च आला की काहीतरी निघायचंच. एकदा रॉइसचा गुडघा, एकदा गाडीचा गिअर, एकदा गाय अडली. असे अकरा हिवाळे गेले. मी मात्र पिशवीतून बाहेर येऊन टेबलावर बसायची आणि परत पिशवीत जायची.

बाराव्या हिवाळ्यात डेल्बर्टने खरंच शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं. आणि जानेवारीत चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून त्याचा उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरने सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत धनुष्याची दोरी ओढायची नाही.

"जाऊ दे," झोळीत हात अडकवलेला डेल्बर्ट म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

लोरीन भांडी पुसत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं. "पुढचं वर्ष मी अकरा वेळा ऐकलंय. परवाना माझ्या नावाने काढ. बाण मी मारते, तू डबी वाजव."

रॉइस हसला. "तू? गुरुवारी बायकांच्या क्लबात गवताच्या भाऱ्यावर बाण मारणं वेगळं, लोरीन. गवताचा भारा पळत नाही."

"बाण तरी मारते. तू गेली अकरा वर्षं काय मारतोयस? गप्पा."

 हे डेल्बर्टचं स्वप्न होतं आणि ते दुसऱ्याच्या हातात जाताना बघणं सोपं नव्हतं, मग तो हात बायकोचा का असेना. तो मला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला आणि डाव्या हाताने झाकण घासून बघितलं. माझ्यातून असा काही चिरका आवाज निघाला की पलंगाखालची मांजर बाहेर पळाली. लोरीन म्हणाली, "तुलाही सराव लागणार." तेव्हा कुठे तो हसला.

लोरीनने पस्तीस वर्षं गाडीतून गावोगाव टपाल वाटलं होतं. पत्ता लागल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने रॉइसचा डागाळलेला नकाशा बाजूला सारला आणि फोन घेऊन बसली. नेब्रास्कातल्या त्या भागात बहुतेक जमीन गुरं पाळणाऱ्यांची. त्यांच्या होकाराशिवाय पाऊल टाकता येत नाही. पहिल्या चौघांनी नकार दिला. पाचवे एमिल कुबिचेक नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा आवाज माझ्या चिरक्या दिवसांतल्यासारखा होता.

"शिकारी नकोत मला, बाई. गाई व्यायला झाल्यात. बंदूक वाजली की बिथरतात, वासरं सोडून धावतात."

"आमच्याकडे बंदूक नाही."

"मग काय दगड मारणार?"

"धनुष्य. एकच. आणि माझा नवरा, एका हाताचा."

 मग म्हातारे म्हणाले, "धनुष्याचा आवाज होतो?"

"तुमच्या गाईला शिंक आली तर ती जास्त वाजेल."

"या मग. फाटक उघडलं की लावायचं. एवढंच."

डेल्बर्ट शेजारी बसून ऐकत होता. धनुष्यामुळे बेत अवघड होतो असं तो अकरा वर्षं म्हणत आला होता, आणि धनुष्यामुळेच दार उघडलं. त्याने माझ्या झाकणावर बोटाने दोनदा टकटक केलं. तो खूश असला की असं करतो.

त्यानंतर आमचा सराव सुरू झाला. लोरीनने अंगणात लपून बाण मारायचा तंबू ठोकला, आत स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल ठेवलं, आणि बसल्या बसल्या, पाठ न हलवता, दोरी हळूहळू ओढायला शिकली. निशाण म्हणून बिस्किटाएवढा कागद. पहिल्या आठवड्यात तिने तंबूच्या खिडकीची कड फाडली आणि शेजाऱ्याची कुंडी फोडली. मार्चअखेर दहातले नऊ बाण कागदात जाऊ लागले. डेल्बर्टचा डावा हात मला आणि मी त्या हाताला तोवर ओळखू लागले होते.

निघायच्या आदल्या दिवशी लोरीनने रॉइसला विचारलं, "येतोस ना?"

त्याने कोंबड्यांकडे बघितलं. "घराकडे कुणीतरी बघायला हवं." तो तसा वाईट नाही. बेत करणं हीच त्याची सहल होती, हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांचा प्रवास झाला. कुबिचेकांनी फाटकापाशीच जर्दाळू भरलेल्या गोड पावांचं ताट पुढे केलं. लोरीनने त्यांना घरचं खारवलेलं डुकराचं मांस दिलं. ओढ्याकाठी पाइनच्या झाडाखाली आमचा तंबू लागला.

पहिल्या दिवशी वारा एवढा सुटला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे एक नर गडगडत ओरडला. आमच्याकडच्या टर्कीपेक्षा त्याचा आवाज पातळ, पण भाषा तीच. मला कोण आनंद झाला. मी हाक द्यायची, तो ओ द्यायचा. पण येईना. डेल्बर्टने मला इतकं घासलं की खडू संपला. शेवटी तो नर चार माद्यांबरोबर डोंगरावर निघून गेला.

"आपण पलीकडे जाऊ," डेल्बर्ट म्हणाला.

"बस इथेच," लोरीन म्हणाली.

तिसरा दिवस शेवटचा होता. उजाडताना मी हाक दिली आणि तोच नर पुन्हा बोलला, या वेळी ओढ्याच्या अलीकडून. चाळीस पावलांवर तो दिसला. पिसारा पूर्ण उघडलेला, शेपटीची कड दुधासारखी. तिथेच थांबला. येणाऱ्या मादीची वाट बघत उभा राहिला, कारण रानात खरं तर मादीच नराकडे जाते. डेल्बर्टने झाकणाला हात घातला. लोरीनने त्याच्याकडे न बघता मान किंचित हलवली. नको.

 आणखी एक हाक दिली की नर येईल, असं डेल्बर्टला वाटत होतं; मलाही वाटत होतं. तरी त्याने मला उचलून जमिनीवर, गवतात ठेवलं. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते. कुठेतरी एक वासरू हंबरलं. नर मान उंच करून आमच्या दिशेला बघत राहिला. त्याला बोलावणारी एकाएकी कुठे गेली, हे त्याला बघायचं होतं. एक पाऊल. मग थांबला. मग आणखी चार.

असं थांबत थांबत वीस पावलांवर आल्यावर तो पाठमोरा वळला आणि त्याचाच फुललेला पिसारा त्याच्या नजरेला आडवा आला. त्या क्षणात लोरीनने दोरी ओढली. आवाज झाला तो एवढासा. दहा पावलं जाऊन नर गवतात पडला, आणि कुरणातल्या गाईंनी चरणंही थांबवलं नाही.

 मग लोरीनने त्या पक्ष्याच्या पंखावरून हात फिरवला. डेल्बर्टचे डोळे भरले होते. आपण तिच्याकडे हेव्याने बघू अशी भीती वाटत होती, असं त्याने तिला सांगितलं. "आणि तुला कसं कळलं थांबायचं?"

"पस्तीस वर्षं लोकांच्या कुत्र्यांपुढे उभी राहिले आहे. तुम्ही हाका मारता तोवर ते लांबून भुंकतात. गप्प राहिलात की जवळ येऊन हुंगतात."

या गोष्टीला वर्ष होत आलं. घरी परतल्यावर रॉइसने मला कौतुकाने हातात घेतलं आणि चकाकी यावी म्हणून फर्निचरचं तेल चोळलं. तेलाने झाकण नुसतंच घसरू लागलं आणि मी तीन महिने मुकी होते. डेल्बर्टने सँडपेपरने घासून, पुन्हा खडू लावून माझा आवाज परत आणला. तेव्हा कुणाच्या घरी माझ्यासारखी डबी असेल तर हात जोडून सांगते, तिला तेल लावू नका.

आता डेल्बर्टचा खांदा बरा आहे. कुबिचेकांचा कालच फोन येऊन गेला. ते म्हणाले, मांस आणा, बंदूक आणू नका. या वसंतात परवाने दोन, धनुष्यं दोन. म्हणजे डबी वाजवायला तिसरा माणूस हवा, आणि रॉइसने कोंबड्या शेजाऱ्याकडे सोपवून गाडीत बसायचं कबूल केलं आहे. मला वाजवायला तो दोन दिवसांत शिकला. गप्प बसायला त्याला शिकवायचं अजून बाकी आहे, आणि निघायला उरलेत फक्त नऊ दिवस.