रक्त आलं म्हणून सोडलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. मोताळ्याच्या रुक्मिणीबाईंच्या तोंडात, खाली डाव्या बाजूला राहते. त्या सहा वर्षांच्या असताना, एकही दुधाचा दात न पाडता मी मागून गुपचूप आले. घरात कोणाला पत्ताही लागला नाही. आता बाईंनी पन्नाशी ओलांडली आहे.

भाजीचा मळा आणि आठवडी बाजार सांभाळणाऱ्या बाईंना निवांत जेवायला वेळ कुठला? भाकरी, शेंगदाणे, हरभरे, जे येईल ते मी भराभर दळत असे. "माही दाढ म्हंजे जातं हाय जातं," असे त्या म्हणत आणि मी फुशारून जाई.

एका सकाळी चूळ भरताना माझ्या बाजूच्या हिरडीतून रक्त आले. त्यांचे यजमान उकंडराव घाबरले. "रक्त निंगून राह्यलं वं! तिकून घासू नको, दुखन तुले."

मायेचा माणूस! पण त्या मायेनेच माझा घात केला. दोन वर्षे डावी बाजू कोणी घासलीच नाही. माझ्या कडेला चिकट थर साचला, पुढे तो दगडासारखा झाला. त्यात जंतूंनी संसार थाटला. हिरडी सुजली, मला सोडू लागली. मी हलायला लागले तेव्हा फार भीती वाटली हो.

शेवटी मुलगी संजीवनी आईला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्या शेजारची दाढ काढावीच लागली. चाळीस वर्षांची सोबत होती आमची. माझ्याभोवतीचा थर डॉक्टरांनी खरवडून काढला.

"मावशी, रक्त येते म्हून घासणं सोडू नका. घासत नाही म्हून रक्त येते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेनं हळू फिरवा, रोज दोन टाइम. हे दाढ वाचवणं आता तुमच्या हाती हाय."

दुसऱ्या दिवशी फेस लालच निघाला. उकंडरावांनी बाईंचा हात धरला. "राहू दे वं, मले पाहवत नाही."

"मंग हे बी दाढ जाईन," म्हणत बाई घासतच राहिल्या.

महिन्याभरात फेस पांढरा झाला. बाईंनी मला बोटाने हलवून पाहिले. मी हलले, पण थोडीच. त्या हसल्या आणि यजमानांकडे वळल्या. "आता तुमी आ करा बरं."

उकंडराव ओशाळले. "माह्यं बी येते रक्त. चार सालापासून घासनंच सोडलं म्या. म्हून तर तुले सांगतलं होतं."

बाईंनी एक नवा ब्रश यजमानांच्या हातात दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, रक्त दिसले तर हात आखडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आज घरी गेल्यावर आपल्या मोठ्यांनाही एकदा आ करायला सांगा.