चिंचेपलीकडचं दूध

वासरू गुबगुबीत होत होतं आणि न्याकिम वाळत चालली होती. कबरी गाय एकच, तिची कासही एकच, पण तिथं तोंड घालायला वासराला कुणाची परवानगी लागत नव्हती. थोआन हे रोज बघायचा, मग आपल्याच हातांकडे बघायचा, आणि त्याचा जीव नुसता जळायचा.

हात चांगले धडधाकट होते. भाला फेकणारे, होडी वल्हवणारे, माजलेला बैल शिंगाला धरून वळवणारे. पण ज्या दिवशी कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा रेघा कोरल्या गेल्या, त्या दिवशी तो पुरुष झाला आणि गाईच्या सडाला हात लावायचा त्याचा हक्क संपला. धार काढायची ती बायकांनी, नाहीतर कपाळ अजून कोरं असलेल्या पोरांनी. पुरुषानं काढलेलं दूध जो पितो तो झिजून जातो, असं थोआननं लहानपणापासून ऐकलं होतं. आता झिजायला न्याकिमच्या अंगात उरलंच काय होतं? दोन वर्षांची पोर, पण दंड थोआनच्या अंगठ्याएवढा. मागच्या खेपेला मदत घेऊन बोटीतून आलेल्या माणसांनी त्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली तेव्हा ती लाल, म्हणजे धोक्याच्या, रंगावर थांबली होती. त्यांनी शेंगदाण्याच्या गोड लगद्याची पाकिटं दिली होती. पुढं बोट यायची बंद झाली आणि पाकिटंही संपली.

त्याच माणसांनी ही गाय गावात ठेवायला लावली होती. उन्हाळ्यात गुरं लांबच्या कुरणात गेली की त्यांच्याबरोबर दूधही जातं, आणि मागं राहिलेली चिल्लीपिल्ली ज्वारीच्या पेजेवर दिवस काढतात. म्हणून प्रत्येक घरानं एक दुभती गाय मागं ठेवावी, बायकांनी ओढ्याकाठी तिच्यापुरतं गवत लावावं, असं ठरलं. थोआन तेव्हा खूप हसला होता. "गाईसाठी शेती? उद्या गाईला भाकरी थापून घाला," असं म्हणाला होता. पण त्याच्या बायकोनं, न्यावालनं, गवत लावलंच. गवत तरारून आलं, गाय दुधाला टिकली, लाल पट्टीवरची पोर पुन्हा बाळसं धरायला लागली. त्या माणसांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त धार काढायला गावात एक बाई उरणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं?

न्यावाल गावातल्या बायकांबरोबर धक्क्यावरच्या बाजारात ज्वारी आणायला गेली आणि त्याच दिवशी तिकडं गोळीबार सुरू झाला. बायकांना कुणीतरी होडीत घालून नदीपार नेलं, एवढंच कळलं. ती वाट आता बंदूकवाल्यांनी धरली होती. उरलेलं गावही पोरंबाळं घेऊन दलदलीत पांगलं. थोआन कुरणातून धावत आला तेव्हा घराशी तिघंच होती: दृष्टी गेलेला बुओमकाका, त्याच्या मांडीवर न्याकिम, आणि वासराशेजारी दाव्याला हिसके देणारी कबरी. कुरण लांब, आंधळ्या काकाला घेऊन तिथवर जाणं होणार नव्हतं, म्हणून सगळ्यांना घेऊन तो घरामागच्या लव्हाळ्यात लपला.

त्यानं न्याकिमला थेट सडाशी धरून पाहिलं होतं. पोरीला चोखायचं बळच नव्हतं. सड तोंडात घेऊन ती तशीच पडून राहायची, मग कबरी पाय झाडायची.

"काका," त्या सकाळी तो म्हणाला, "काढतोच मी धार. कोण बघतंय इथं?"

"मी आंधळा आहे, म्हणून विचारतोस होय?" बुओम म्हणाला. "कोण बघतंय याचा प्रश्न नाही, पोरा. पिणार कोण आहे, याचा आहे."

थोआनलाही तीच तर भीती होती.

"एक वाट आहे पण," म्हातारा म्हणाला. "लढाईवर निघालेल्याला माफ असतं. नाहीतर लांबच्या वाटेवरच्या माणसाला. बरोबर बाई नाही, पोरगं नाही, तर काय करील बिचारा? माझ्या बापानंही काढली होती एकदा. ते दूध मी प्यायलोय. झिजलो का?"

"अहो काका, मग लढाई तर दारातच आलीय!"

"लढाई तुझ्याकडे आलीय. तू कुठं गेलास लढाईवर? तू घरी बसलायस."

"लव्हाळ्यात बसलोय."

"लव्हाळं कुणाच्या घरामागचं?"

थोआनला हसूही आलं आणि म्हाताऱ्याचं नरडं धरावंसंही वाटलं. "बरं, मग घर संपतं कुठं तेवढं सांगा."

"आपल्या चुलीचा धूर दिसेनासा झाला की संपलं."

"चूल पेटवलीय कुणी? धूर आहेच कुठं!"

"हं," बुओमनं डोकं खाजवलं. "मग मोठी चिंच धर. पाहुण्याला आपल्या बायका तिथवर पोचवायच्या आणि मागं फिरायच्या. चिंच ओलांडलीस की तू वाटसरू."

चिंचेपलीकडे सगळं उघडं माळरान होतं आणि त्यातूनच बंदूकवाल्यांचा येण्याजाण्याचा रस्ता जात होता. हे दोघांनाही ठाऊक होतं. थोआननं भाला घेतला, दुधासाठीचा वाळका पोकळ भोपळा गळ्यात अडकवला, न्याकिमला पाठीशी बांधलं आणि गाय-वासरू घेऊन तो निघाला. खऱ्या प्रवासाला निघाल्यासारखा काकाच्या पाया पडला. काकानंही त्याच्या डोक्यावर थुंकी उडवून रीतसर आशीर्वाद दिला.

चिंच मागं पडली तशी त्यानं आणखी थोडी वाट तुडवली, उगाच काही कमी पडायला नको म्हणून. मग वासराला कासेशी लावलं, कबरीनं पान्हा सोडला तसं बाजूला ओढलं, आणि तो उकिडवा बसला. बोटं विसरली नव्हती. पहिली धार मातीत गेली, दुसरी मनगटावर, आणि मग भोपळ्यात तो आवाज यायला लागला. थोआनचे डोळे भरून आले. केवढी सोपी गोष्ट होती ही! आणि याच्यासाठी आपण पोरीला इतके दिवस वाळवलं, या विचारानं त्याला स्वतःची शिसारी आली.

"पी, माझे माय, पी," तिला पाठीवरून उतरवून समोर बसवत तो म्हणाला.

न्याकिमनं ओठ ओले केले. गिळलं. परत तोंड उघडलं. घोटाघोटानं ती चांगलं ओंजळभर दूध प्यायली आणि भोपळ्याला दोन्ही हातांनी धरून बसली. थोआन पुन्हा सडाकडे वळला आणि तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

चौघे तरणे गडी होते, खांद्यावर बंदुका. कपाळावर त्याच्यासारख्याच सहा रेघा.

"अरे बघा, बघा! कपाळावर रेघा आणि हातात सड!"

"वहिनी, आम्हालाही घोटभर मिळेल का?"

"मी वाटसरू आहे," थोआन उठत म्हणाला. "वाटेवर चालतं."

"चालतं की. कुठं निघालात?"

कुठं निघालो, याचा विचारच त्यानं केला नव्हता. नदीकडे म्हणावं तर तिकडं यांचे शत्रू, म्हणजे आपणही त्यांच्यातलेच ठरणार; कुरणाकडे म्हणावं तर हे पाठोपाठ येऊन सगळीच गुरं नेणार.

"कुठंच नाही निघालास," त्यांच्यातला थोराड म्हणाला. "मग गाय कशाला लागते तुला?"

"पोरीसाठी आहे ती. दादा, बघा तरी तिच्याकडे."

त्यानं बघितलं आणि लगेच नजर वळवली. "पोरं काय तुझ्याच घरी आहेत?" एवढंच म्हणाला. मग त्यानं कबरीचं दावं धरून ओढलं. कबरी जागची हलेना, तेव्हा दुसऱ्यानं वासरू उचललं आणि ती मुकाट चालायला लागली. तिसऱ्यानं न्याकिमच्या हातातून भोपळा घेतला, उरलेलं दूध एका दमात संपवलं आणि भोपळा परत तिच्या मांडीत ठेवला. भाला शेजारीच पडला होता, पण चार बंदुकांपुढं त्याचं काय करायचं ते थोआनला सुचलं नाही.

परतताना न्याकिम रडायला लागली. आठ-दहा दिवस तिच्या तोंडून नुसती कुरकुर निघत होती. आता पोटात गेलेल्या दुधानं आवाजाला जोर आला होता आणि त्या जोरानं ती आणखी दूध मागत होती. टाचा झाडत होती, बापाचे केस ओढत होती. लपून राहायचं तर तिला गप्प करायला हवं होतं, पण कशानं करणार? त्यानं आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. बोटाला अजून दुधाचा वास होता. ती आणखीच किंचाळली.

बुओमनं लांबूनच तो आवाज ऐकला. काठी टेकत तो लव्हाळ्याच्या तोंडापर्यंत आला आणि बोळकं पसरून हसला.

"कंठ फुटला की पोरीला! म्हटलं होतं ना मी? आता रोज सकाळी चिंचेपलीकडे न्यायचं. महिन्याभरात पळायला लागेल बघ." त्यानं न्याकिमचे झाडणारे पाय चाचपले, खुशीत तळव्यावर एक चापट मारली. "जा, आधी गाईला सावलीत बांध. दमली असेल."

"बांधतो," थोआन म्हणाला.