शापका नव्हे, शेपका

कुवेतमधल्या हवल्ली भागातल्या एका शिवणकामाच्या दुकानात रत्नागिरीकडची हुस्ना आणि युक्रेनची पारास्का शेजारी बसून काम करीत. बोलणं मोडक्यातोडक्या अरबीत चाले. पारास्का कार्पेथियन डोंगरातली. तिच्या मुलखात टोपीला ‘शापका’ न म्हणता ‘शेपका’ म्हणत, आणि मळलेल्या पिठाच्या ‘तिस्तो’चं ‘किस्तो’ होई. शहरातली माणसं हसत, म्हणून ती आपल्या देशाच्या लोकांसमोर जपून बोले. हुस्नाला मात्र ती बोली भारी गोड वाटे. मुद्दाम एकेक शब्द विचारून ती घोकत बसे.

२००३च्या हिवाळ्यात एक गोरी बाई लहान लेकीला घेऊन दुकानात आली. पोरीने टोपी भिरकावली, तशी आई ओरडली, “शेपका!”

हुस्नाने कान टवकारले. “पारास्का, अगं, ही तुझ्या डोंगरातली!”

पारास्का चाचरत दोन शब्द बोलली. बाई थबकली आणि एकदम तिच्या गळ्यात पडली. कुवेतला आल्यापासून तिच्या कानावर आपली बोली पडलीच नव्हती. मग दोघींना बोलताना धरबंध राहिला नाही. हुस्नाला त्यातलं अक्षर कळेना, तरी मशीन थांबवून ती ऐकत राहिली. पारास्काचा इतका खणखणीत आवाज तिने आजवर ऐकला नव्हता.