मुकीच्या गळ्यातला तांबडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसला. रंगाने तांबडा. तुम्ही म्हणाल, पट्ट्याला कसलं आलंय आयुष्य? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

एका लहानशा कारखान्यात मला शिवलं. माझ्याबरोबर वीस हिरवे पट्टे शिवले गेले. यंत्र तेच, धागा तोच, बक्कलही सारखंच, फरक फक्त रंगाचा. आम्हाला एका निवाऱ्यात आणलं. रस्त्यावर सापडलेली, गाडीखाली आलेली, घरातून हाकललेली कुत्री तिथे ठेवत. आसपासची माणसं फावल्या वेळात येऊन त्यांना खायला घालत, पिंजरे धूत आणि फिरवून आणत. पगार कुणालाच नव्हता. निवारा चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. त्यांचा नियम सोपा होता. हिरवा पट्टा असेल तर कुत्र्याला कुणीही फिरवावं. तांबडा असेल तर ते चावतं, चार हात लांब राहावं.

पहिली तीन वर्षं मी खविसाच्या गळ्यात होतो. खविस हे त्या कुत्र्याचं नाव आणि ते त्याला शोभायचं. मला बघून किती हात वेळेवर मागे आले असतील, त्याची गणती नाही. नवीन माणूस आलं की मोठ्या ताई आधी मला दाखवत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू? खविस म्हातारा होऊन गेला आणि मला धुऊन खिळ्याला अडकवलं.

मग मुकी आली. ती भुंकत नसे म्हणून हे नाव पडलं. त्या दिवशी सगळे हिरवे पट्टे गोचिडीच्या औषधात बुडवून दोरीवर वाळत घातले होते. बँकेत काम करणाऱ्या एक ताई रविवारी मदतीला येत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला खिळ्यावरून काढलं आणि मुकीच्या गळ्यात बांधलं. वाळले की बदलू, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना फोन आला. पुढच्या आठवड्यात त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली.

मी मुकीच्या गळ्यात तसाच राहिलो.

मला पाहून तिची रवानगी शेवटच्या पिंजऱ्यात झाली. झाडलोट करणाऱ्या मावशी तिचं ताट काठीने आत सरकवत. डॉक्टरीणबाई आधी तिच्या तोंडाला जाळी बांधत आणि मग सुई टोचत, त्यामुळे तिने दात दाखवले नाहीत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती गप्प बसे, तर लोक म्हणत की डूख धरून बसलीय. एकदा एक जोडपं आपल्या मुलीला घेऊन आलं होतं. मुलीने गजातून बोटं आत घातली आणि मुकीने ती चाटली. मुलगी हसली, हीच हवी म्हणाली. वडिलांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ते लोक दुसरं पिल्लू घेऊन गेले.

मला तेव्हा वाईट वाटलं का? सुरुवातीला वाटलं. पुढे पुढे काही वाटेनासं झालं. मुकीलाही बहुधा तसंच झालं असावं. आधी पावलं वाजली की ती उठायची, मग नुसते कान हलवायची, मग तेही सोडलं. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. असा दिवस जातो, मित्रांनो. फार सोपं असतं ते.

निवाऱ्याचा आणखी एक नियम होता. तांबड्या पट्ट्याच्या कुत्र्याला दीड वर्षात घर मिळालं नाही, तर त्याला लांबच्या केंद्रावर पाठवत. तिथून कुणाच्या घरी जाता येत नसे. तिथे फक्त जेवण आणि पिंजरा. दर महिन्याला त्या केंद्राची गाडी येई. मुकीचे सतरा महिने होत आले होते.

त्याच सुमारास घड्याळवाले काका आले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बायको गेल्यावर त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि घरात बसून राहिले. मुलीने जबरदस्तीने त्यांचं नाव इथे घातलं. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा कुत्री फिरवा, असं ती म्हणाली होती. शर्ट एका रंगाचा, मोजे दोन रंगांचे, अशा अवतारात ते आले. मोठ्या ताईंनी त्यांना हिरव्या-तांबड्याचा नियम समजावला. काकांनी मान डोलावली.

ते मंगळवारी आणि गुरुवारी भरदुपारी येत, जेव्हा मावशींशिवाय कुणी नसे. पुढची कुत्री फार गोंगाट करत, म्हणून ते थेट शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत गेले, दार उघडलं आणि माझ्या कडीत साखळी अडकवली. मावशींनी पाहिलं. काकांना परवानगी असेल असं त्यांना वाटलं. मुकी उठायला तयार नव्हती. काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले, चांगला अर्धा तास. मग दोघं उठले.

टायरच्या दुकानावरून, गोदामाच्या भिंतीच्या कडेने, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि तिथल्या बाकावर बसायचं, असा आमचा रस्ता ठरला. काका तिला कुरवाळत नसत, लाडाचं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "तू बोलत नाहीस ते बरंय. लोक फार बोलतात." चौथ्या आठवड्यात मुकी त्यांची पावलं ओळखू लागली. पाचव्या आठवड्यात तिने शेपूट हलवली, तीही एकदाच, जणू जमतंय का ते पाहत होती.

त्या गुरुवारी मोठ्या ताई दुपारीच आल्या. सोमवारी गाडी येणार होती आणि त्यांना यादी करायची होती. काका पिंजऱ्यात मांडी घालून बसले होते आणि मुकीच्या कानातली गोचीड काढत होते. तिचं तोंड त्यांच्या मनगटापाशी होतं. ताई दारातच थबकल्या.

"काका, हात हळूच मागे घ्या."

"का हो?"

"तिचा पट्टा तांबडा आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

"असेल," काका म्हणाले. "मला तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. कोणता कुठला ते बायको सांगायची."

ताईंना रागवावं की काय करावं ते कळेना. एवढं मोठं तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, चावली असती तर खापर कुणावर फुटलं असतं, असं त्या बोलत राहिल्या. काका कानकोंडे झाले. पण हात त्यांनी मागे घेतला नाही आणि मुकीही हलली नाही. बोलता बोलता ताईच थांबल्या. ऑफिसात जाऊन त्यांनी टेबलावरची एक वही उघडली. कुठलं कुत्रं कधी, कुणाला चावलं, ते त्या वहीत लिहीत. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मुकीचं नाव कुठेच नव्हतं. मुकी आली तो दिवस कुणाचा होता ते शोधून त्यांनी बँकेतल्या ताईंना फोन लावला.

"अगं, त्या दिवशी हिरवे वाळत होते," पलीकडून उत्तर आलं. "मला वाटलं, बदलेल कुणीतरी."

मोठ्या ताईंनी फोन ठेवला आणि मला काढायला त्या परत पिंजऱ्यापाशी आल्या.

माझं बक्कल गंजून घट्ट झालं होतं. ताई कात्री आणायला निघाल्या. काकांनी त्यांना थांबवलं, खिशातून बारीक पेचकस काढला आणि दहा मिनिटं बसून मला उघडलं. माझ्याखाली मुकीच्या गळ्याभोवती केस उरले नव्हते. मी ते तेव्हाच पाहिलं. इतके दिवस मी तिथेच होतो, पण गळ्यात असताना गळा दिसत नाही.

आता ती सोमवारी जाणार नाही, हिरव्यांच्या रांगेत राहील, असं ताईंनी सांगितलं. वय झालंय, पण बघू, कुणी आलं तर.

"बघायचं कशाला?" काका म्हणाले. "मी नेतो."

त्यांनी मुलीला फोन केला. ती म्हणाली की संध्याकाळी घ्यायला येते, मागच्या सीटवर चादर टाकून. ताईंनी फॉर्म पुढे केला. काका सावकाश, घड्याळाच्या आतलं काम करावं तसं एकेक अक्षर लिहीत होते. एका रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"ताई, हिचा रंग कोणता?"

"बदामी. छाती पांढरी." ताईंनी मुकीकडे पाहिलं. "तोंडाभोवतीचे केस पिकलेत. आली तेव्हा पिकलेले नव्हते."

काकांनी सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती, तरी त्यांनी तेही लिहिलं.

मुकी गेली. मी आता एका खणात असतो आणि मला ते ठीक वाटतं. मित्रांनो, तुम्हीही कधी अशा निवाऱ्यात जाल, पिंजरे धुवाल, कुत्री फिरवाल. जरूर जा. आणि कुणाच्या गळ्यात तांबडा पट्टा दिसला तर चार हात लांब राहा, तो नियम चुकीचा नाही. पण तो का बांधलाय, एवढं कुणाला तरी विचारा. दीड वर्षात मला बघून कितीतरी माणसं मागे सरली. त्यातल्या एकानेही विचारलं नाही. मला सांगता आलं नसतं, पण वही टेबलावरच होती.