चुन्याचे अकरा ठिपके

मंगलमावशींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरवर थाप मारली आणि म्हणाल्या, "मागनं म्हशीचे पाय आन् पुढनं वासराचे. कुणी काढलं रं हे जनावर?"

माझा भाऊ, संदेशदादा, हसला नाही. कान्हे फाट्याच्या थोडं पुढे, जुन्या हायवेलगत मावशींचं टायरचं दुकान आहे. आम्ही सुदुंबऱ्याहून सकाळीच तिथे पोचलो होतो. गाडी दादाची, फोरव्हील, म्हणजे गरज पडली तर चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी, तीन वर्षं वापरलेली. पिंपरीतल्या एका दुकानातून त्याने नव्या रिमा आणि टायर आणले होते. पुढचे दोन्ही अरुंद, मागचे दोन्ही रुंद. त्या दुकानदाराने ते नुसते चढवून दिले होते. घरी येताना स्टिअरिंग किंचित थरथरत होतं, तेवढंच बघून द्या, असं दादाचं म्हणणं.

"फोरव्हील लावतोस का कधी? का नुसती फोटोला?" मावशींनी विचारलं.

"परवा लावायचीय. शनिवारी दहा वाजता."

शनिवारचं आमच्या घरात आठवडाभर चाललं होतं. लोणावळ्याच्या पुढे, डोंगरात, हौशीरामभाऊंचा तंबूंचा कॅम्प आहे. पाहुण्यांना खालून वर नेण्यासाठी त्यांना स्वतःची फोरव्हील असलेला माणूस हवा होता. दादा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात सहा वर्षं पाळ्या करत होता आणि त्यातून बाहेर पडायचा त्याला दिसलेला हा पहिला रस्ता होता. भाऊंची अट एकच. त्यांना शेजारी बसवून गाडी एका दमात वर न्यायची. वाट आधी दगडमातीची आणि शेवटचे चारशे मीटर सिमेंटचा खडा चढ. मध्ये थांबायला जागा नाही, म्हणून फोरव्हीलचा, गिअरशेजारचा छोटा दांडा पायथ्यालाच टाकायचा आणि वर गेल्यावर काढायचा. गाडी अडकली तर भाऊ दुसऱ्याला बोलावणार होते. दुसरा तयारच होता.

"मग हे आसले चालायचे न्हाईत," मावशी म्हणाल्या. "पुढचं आन् मागचं चाक एका फेऱ्यात सारखंच आंतर चाललं पायजे. रुंदी वायली आसली तरी चालतंय, पन चाल एक पायजे."

"सारखंच आहे, मावशी," मी म्हटलं. हे मी खात्रीने म्हटलं, कारण हिशोब माझाच होता. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं आहे. दादाने घेण्याआधी मला टायरवरच्या आकड्यांचा फोटो पाठवला होता. पुढे २६५/६५, मागे २८५/६०, रिम दोन्हीकडे सतरा इंची. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. त्यावरून व्यास काढला. पुढचा ७७६, मागचा ७७४. परिघात आठ मिलिमीटरचा फरक. मी उत्तर पाठवलं होतं, "घे बिनधास्त."

हिशोबाचा कागद मी सोबत आणला होता. मावशींनी तो हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. "गनित बरोबर हाय तुजं," त्या म्हणाल्या. "टायरला इचारलंस का?"

दुकानाच्या बाजूला सिमेंटची तीसेक मीटर लांब पट्टी होती. मला ती गाड्या उभ्या करायची जागा वाटली होती. मावशींनी डब्यात चुना कालवला, पुढच्या डाव्या टायरला जमिनीलगत बोटाएवढा ठिपका दिला, तसाच मागच्या उजव्या टायरला. दादाला आत बसवलं. फोरव्हील काढलेली, गिअर न्यूट्रलला, स्टिअरिंग सरळ. मग मी आणि मावशींनी गाडी ढकलली, अगदी हळू. टायर फिरून खाली आला की चुन्याचा ठिपका सिमेंटवर उठायचा. तीनचार फेऱ्यांनी पुसट व्हायचा, मग मावशी थांबवून त्याच जागी पुन्हा चुना लावायच्या.

"किती झालं?"

"दहा," मी म्हटलं.

"ठिपके धा. फेऱ्या नऊ. आजून ढकल."

दहा फेऱ्यांना अकरा ठिपके लागतात. मी ओशाळले आणि ढकललं.

मग टेप लावला. पुढच्या चाकाच्या दहा फेऱ्या तेवीस मीटर सहासष्ट. मागच्याच्या चोवीस मीटर दहा. चव्वेचाळीस सेंटिमीटरचा फरक. मी टेपची दोन्ही टोकं पुन्हा तपासली, मग मावशींना गाडी मागे घेऊन परत मोजू का विचारलं. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. दुसऱ्यांदा पंचेचाळीस आला.

चूक माझ्या गुणाकारात नव्हती. टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. छापलेल्या आकड्याच्या आतबाहेर प्रत्येकाची खरी उंची निराळी. पुढच्यांची नक्षी रस्त्याची, उथळ. मागच्यांची चिखलाची, खोल. त्यात पुढे इंजिनाचा भार. कागदावर यातलं काहीच नव्हतं. एका किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा जवळजवळ आठ फेरे जास्त घेणार, आणि छोटा दांडा टाकला की दोन्हींना सारखेच फेरे घ्यायला लागणार. शाळेत तीन पायांची शर्यत असते तसं. मातीत एखादं चाक घसरून सुटका करून घेतं. सिमेंटवर घसरत नाही. मग तो ताण आतल्या गिअरांवर चढत जातो आणि दांडा अडकून बसतो.

"म्हणजे वर गेल्यावर..." दादा म्हणाला.

"वर गेलास तर," मावशी म्हणाल्या.

दादा माझ्याकडे बघेना. त्याने मला एका शब्दाने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, ही पट्टी कुणी सांगितली तुम्हाला?" मी विचारलं.

"गाडीनं सांगितली. लय वर्सांमागं मी पन आकडेच बघून चार टायर घातले एकाला. मधी डोंगरात गाडी अडकली त्याची, गिअर फुटलं. माज्याच हातानं घातलेले. मंग ही पट्टी केली. पयल्यांदा केली ती वाकडी झाली, गाडी आपोआप पळायची. आमच्या वाडीत, टाकव्याच्या वर, भाताचं खाचर कसं सपाट करत्यात? बांध घालायचा, पानी सोडायचं. उंचवटा उघडा पडतो. तसंच केलं हितं. दोन दिस पानी भरून ठेवलं, उंच दिसंल ते घासलं."

एखाद्या प्रयोगशाळेत हा पृष्ठभाग तपासायला महागडं उपकरण आणलं असतं. मी वाकून पट्टीकडे बघितलं. कडेला बांधाची पुसट रेघ अजून होती.

दादाने मागच्या टायरवर हात ठेवला. "मागचे काढून चारही पुढच्यासारखे लावू का? दिसायला काय, नाही दिसलं तरी..."

त्या रुंद टायरांसाठी त्याने वर्षभर वाट बघितली होती.

"थांब की जरा. लगीच कशाला रडतोस?" मावशी आत गेल्या. मी मागोमाग गेले आणि दारातच थांबले. कपाटाशेजारची सगळी भिंत पेन्सिलच्या ओळींनी भरली होती. कंपनीचं नाव, आकडा, हवा किती, नवा की झिजलेला, आणि शेवटी दहा फेऱ्यांचं अंतर. अकरा वर्षांच्या नोंदी. जिथं दोनदा मोजलं होतं तिथं दोन्ही आकडे लिहिलेले, आणि जो आकडा त्यांना पटला नव्हता त्यापुढे फुली, पण खोडलेला नव्हता. कॉलेजात न पटलेला आकडा खोडू नका, हे आमच्या सरांना दर वर्षी ओरडून सांगावं लागायचं.

त्यांचं बोट भिंतीवरून खाली आलं आणि थांबलं. "हे बघ. तुज्या पुढच्या टायरच्याच आकड्याचा, दुसऱ्या कंपनीचा. चोवीस मीटर सहा. हायेत माज्याकडं तीन. तुजे दोन मला ठिवून जा."

"तीन कशाला?" माझ्यामागून आलेल्या दादाने विचारलं.

"स्टेपनी कुटली लावनार? मागचा फुटला तर खरं मागं रुंदच पायजे, पन तिसरा रुंद न्हाई. जुनी स्टेपनी ठिवलीस तर दांडा टाकायचाच न्हाई. पुढचीच एक घे, ती चालीला मागच्याशीबी जुळती. पंक्चर काढीपातूर मागं चालंल."

मग दुपारपर्यंत त्या काम करत राहिल्या आणि मी बघत राहिले. रिमेचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे ती ज्या गोल खुंटावर बसते त्यापेक्षा, मोठं होतं, म्हणून थरथर. त्यांनी मापाच्या कड्या शोधून बसवल्या. "रिम हबावर बसली पायजे, नटावर लटकाय नको." प्रत्येक नट आधी हाताने, मग समोरासमोरचा जोडीने, शेवटी टॉर्क पान्ह्याने, ठरलेला जोर भरल्याचा टक आवाज येईपर्यंत. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर आणि आतल्या पत्र्यामधून बोट फिरवलं. दादाने "झालं ना?" विचारलं की, "तुला घाई, मला न्हाई," एवढंच.

शेवटी पुन्हा चुना. या वेळी अकरावा ठिपका मीच मोजला. पुढे चोवीस मीटर सहा. मागे चोवीस दहा.

"चार सेंटिमीटर," मी म्हटलं. "दहा फेऱ्यांत."

"तेवढं चालतंय. ध्यानात ठेव, पोरा. सपाट डांबरावर दांडा टाकायचा न्हाई. आन् वर गेल्यावर त्यो दोन बोटांनी सुटला पायजे. ताकद लावाय लागली तर माजं काम चुकलं आसं समज. पन्नास किलोमीटरनं परत ये, नट बघाय."

शनिवारी मी मागच्या सीटवर होते. हौशीरामभाऊ पुढे बसले, त्यांनी दाराची मूठ धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. दगडांवर गाडी डोलत गेली. मग सिमेंट लागलं. चढावर मला फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येत होता आणि मी त्याखाली दुसरा एखादा आवाज, करकर, ठक, काहीतरी शोधत होते. तो आला नाही.

वर फाटकापाशी भाऊ उतरले, मागे गेले आणि रुंद टायर न्याहाळू लागले. दादाने आरशात माझ्याकडे बघितलं. मग छोट्या दांड्यावर दोन बोटं ठेवली, तर्जनी आणि मधलं. दांडा सरकला.

"सोमवारपासून ये," भाऊ बाहेरून म्हणाले. "पण टायर कुणी घातले रे? मला पण घालायचेत."

परत येताना आम्ही कान्हे फाट्यापुढे थांबलो. मावशी एका टेम्पोचं चाक काढत होत्या. नोकरीचं त्यांनी विचारलं नाही.

"दांडा?"

"दोन बोटांनी," दादा म्हणाला.

त्यांनी मान हलवली, टॉर्क पान्हा उचलला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी बसल्या. मला म्हणाल्या, "आत जा, पोरी. पेन्सिल खिळ्याला टांगलीय. खालची ओळ मोकळी हाय, तुज्या भावाची गाडी लिव. आन् तेवीस सहासष्टचा पयला आकडाबी लिव, खोडू नकोस."