कोऱ्या पंचनाम्यावरची सही

साक्षीदार व्हायची वेळ आली की भल्याभल्यांना घरची कामं आठवतात. तुम्हाला आठवली असतील, मलाही आठवली आहेत. उगाच साळसूदपणा नको. आपल्या गोष्टीतले दादा मात्र कधी पळाले नाहीत. ते न वाचता सही करून मोकळे होत.

दादांचं औषधांचं दुकान होतं. आवाज मऊ, आणि आपण बरं की आपलं काम बरं, हा खाक्या. पोलिसांना पंचनाम्याला प्रतिष्ठित माणूस लागला की शिपाई थेट दुकानात येई. दादा पंच म्हणून उभे राहत, बोट दाखवतील तिथे नाव खरडत आणि परत गल्ल्यावर येऊन बसत. त्यात त्यांना थोडा मानही वाटे.

एका सकाळी समोरच्या कारखान्यापुढे पोलिसांच्या दोन गाड्या थांबल्या. कारखाना कसला, कपडे धुवायची मशिनं दुरुस्त करायची एक लांबट खोली. एक वयस्कर मिस्त्री आणि त्यांच्या हाताखाली दोन कामगार. तिथे बॉम्ब बनतात, असा कुणीतरी निनावी फोन केला होता.

दादांना बोलावणं आलं. टेबलावर एक डबा उघडा पडला होता. त्यात मशिनांचे वीसेक टायमर आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ही मिस्त्रींची पद्धत. टायमर कुणाचा, पत्ता आणि फोन काय, कोणत्या तारखेला किती वाजता जाऊन बसवायचा, सगळं चिठ्ठीवर. म्हणजे अदलाबदल नको. पोलिसांच्या साहेबांनी चिठ्ठ्या चाळल्या आणि त्यांना घबाड सापडलं!

"टायमर, पत्ते, वेळा! दवाखाना, वसतिगृह... कुठे काय उडवायचं त्याची यादीच आहे की!"

"साहेब, ही गिऱ्हाइकं आहेत," मिस्त्री म्हणाले. "चिठ्ठीवर फोन आहे. एक तरी लावून बघा."

उत्तरादाखल त्यांच्या कानाखाली बसली. मिस्त्रींनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्यांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि बोटांवर काठी घातली. मध्ये पडलेल्या दोघांना लाथांनी तुडवलं. "साथीदारांची नावं सांगा!" मिस्त्री कळवळले, पण सुटकेसाठी एकाचंही खोटं नाव त्यांनी घेतलं नाही.

साहेबांनी दादांपुढे कागद सरकवला. वर तारीख, खाली पंचाची जागा, मधलं सगळं कोरं.

"मजकूर आम्ही भरतो, दादा. तुम्ही करून टाका."

दादांनी सही केली.

दुपारी घरी दादा ताटातला भात नुसता चिवडत बसले. थोरली बहीण, आक्का, तीस वर्षं नर्सचं काम करून आता त्यांच्याकडेच राहत होती. तिने ताट बाजूला सारलं आणि सगळं वदवून घेतलं.

"मी काय करणार होतो, आक्का? आणि त्यांचंही काम अवघड आहे. उद्या खरंच कुठे स्फोट झाला तर?"

"मग तपास करू दे की! तपासाला कोण नको म्हणतंय? फोन लावायला वेळ नव्हता आणि बोटं मोडायला होता?"

"हो, पण मी एकटा..."

"गप्प बस. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर तू साधी खोकल्याची बाटली देत नाहीस. गिऱ्हाईक ओरडलं तरी डॉक्टरला फोन करतोस. का?"

"चुकीचं औषध गेलं तर माणूस मरेल म्हणून."

"आणि या कागदाने काय माणसं जगणार आहेत?"

दादांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी कोर्टात तिघांना उभं केलं. मिस्त्रींची बोटं वांग्यासारखी सुजली होती. पंचनामा वाचला गेला: आरोपी पळू लागले, पळताना पडले, हाताला इजा झाली.

"खोटं आहे!" मागच्या बाकावरून दादा उठले. "मीच तो पंच. मी सही केली तेव्हा कागद कोरा होता. कुणीही पळालं नाही. यांचा हात धरून मोडलाय, माझ्या डोळ्यांदेखत!"

साहेब दातओठ खात जवळ आले. "दुकानाच्या लायसनची काळजी घ्या, दादा."

"लायसन औषधं विकायचं आहे, तोंड विकायचं नाही!" दादा इतक्या मोठ्याने बोलले की न्यायाधीशांनीही मान वर केली.

न्यायाधीशांनी डब्यातली एक चिठ्ठी उचलून तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. पलीकडून दवाखान्याच्या मेट्रन कडाडल्या, "मिस्त्री कुठे उलथलेत? चादरींचा ढीग पडलाय इथे!" कोर्टात हशा पिकला. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं, संध्याकाळी तिघेही सुटले आणि साहेबांची चौकशी लागली.

दादा माफी मागायला गेले. मिस्त्रींचा हात प्लास्टरमध्ये होता. दोन बोटं पुन्हा सरळ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"माफीने स्क्रू फिरत नाही, दादा," मिस्त्री म्हणाले. "चौकशीला या. आणि आमच्यासारखंच, परत परत विचारलं तरी तेच सांगा."

दादा गेले. लायसनची तपासणी दोनदा झाली, तरी गेले. तिसऱ्या खेपेला शेजारचा शिंपी आणि वरच्या मजल्यावरच्या मावशीही सोबत निघाले. खिडकीतून त्यांनीही सगळं पाहिलं होतं. आजवर बोलले नव्हते, इतकंच.

मित्रांनो, दहशत माजवणाऱ्याला पकडलंच पाहिजे. पण निरपराध कामगाराचा हात मोडून कुणीही सुरक्षित होत नाही. तेवढा वेळ खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. वर्दीला जाब विचारणं हा आपला हक्क आहे, आणि कर्तव्यही. पाहिलेलं सांगा, आणि सांगितल्यावर मागे हटू नका. कारण आपण गप्प राहिलो, तर काठी त्यांची असते आणि जोर आपला.